ऐकणाऱ्याचा अधिकार

1 ऑगस्ट 1962 रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि तिचा छोटेखानी समारंभ मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या अध्यक्षतेखाली ठाण्याच्या वागळे इस्टेटीत पार पडला. त्यानंतरच्या काळात कोकणातून आणि घाटावरून जी माणसे येथील कारखान्यांत रुजू झाली व किसननगर, लोकमान्यनगर, सावरकरनगर या वस्त्यांतील एकेका खोलीत चार-चार, पाच-पाच जणांनी राहू लागली, त्यांच्या पहिल्या बचतीतून आलेली चैनीची वस्तू बहुधा ट्रान्झिस्टर असे. भोकाभोकांच्या चामडी आवरणातला तो लहानसा पेटारा खिळ्याला टांगलेला असे, किंवा कारखान्यात हत्यारांच्या कपाटावर ठेवलेला असे. आणि जेवणाच्या सुट्टीत लेथ थांबले, डबे उघडले, की त्याचा आवाज प्रथमच सर्वांना नीट ऐकू येई. मुंबई आकाशवाणीची ‘कामगार सभा’ याच श्रोत्यांसाठी होती. ती त्यांनी आपली मानली, तिच्यातली गाणी त्यांच्या ओठांवर बसली. परंतु सभा म्हटली म्हणजे बोलणारे आणि ऐकणारे एकमेकांसमोर असतात, ऐकणाऱ्याला उठून प्रश्न विचारण्याची मुभा असते, ती मुभा या सभेत नव्हती. ती का नव्हती, याचा शोध घेऊ लागले म्हणजे नभोवाणीच्या जगभरच्या इतिहासाकडे वळावे लागते.

मार्कोनीने बिनतारी संदेश पाठविले, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर एका जहाजाने एका बंदराशी करावयाचे खाजगी संभाषण होते. तो संदेश वाटेतल्या कोणालाही ऐकू येतो, गुप्त राहत नाही, हा त्या काळच्या जाणकारांना या यंत्राचा मोठा दोष वाटे. या दोषातच एका नव्या संस्थेचे बीज आहे, हे ओळखावयास विसावे शतक उजाडून वीस वर्षे जावी लागली. 2 नोव्हेंबर 1920 रोजी अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील केडीकेए केंद्रावरून अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगण्यात आले, ते ज्याच्यापाशी ग्राहकयंत्र असेल त्या प्रत्येकासाठी. मात्र हे केंद्र चालविणारी वेस्टिंगहाउस कंपनी रेडिओयंत्रे तयार करून विकणारी होती, आणि पुढे 28 ऑगस्ट 1922 रोजी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ केंद्राने मोबदला घेऊन पहिली जाहिरात ऐकविली, ती नव्या सदनिकांची होती. तिकडे इंग्लंडने वेगळा मार्ग पत्करला. तेथे श्रोत्याकडून परवान्याची फी वसूल करून, 1927 मध्ये राजसनद देऊन, एक सार्वजनिक महामंडळ उभे करण्यात आले. आणि जॉन रीथ या करारी पुरुषाने माहिती, शिक्षण व मनोरंजन ही त्रयी त्याच्या शिरोभागी कोरली. एका देशात श्रोता गिऱ्हाईक ठरला, दुसऱ्यात तो शिष्य ठरला. या दोन्ही कल्पनांतील श्रेष्ठ-कनिष्ठतेचा वाद आजवर चालत आला आहे. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे, की दोन्हीकडे श्रोता मुकाच राहिला.

हिंदुस्थानात 1885 च्या तार कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारचा होता. 1923 च्या जूनमध्ये मुंबईच्या रेडिओ क्लबाने हौसेने ध्वनिक्षेपण केले. 23 जुलै 1927 रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांच्या हस्ते इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले. परवान्याची फी सालीना दहा रुपये, परवानेदारांची संख्या काही हजारांच्या घरात, भांडवल तुटपुंजे, आणि त्यामुळे 1930 च्या मार्चमध्ये कंपनी बुडीत निघून सारा कारभार सरकारी खात्याकडे गेला. 1936 च्या जूनमध्ये या खात्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. रेडिओ ऐकणे म्हणजे सरकारकडून परवाना घेऊन बाळगावयाची सवलत होय, ही भावना येथे इतकी मुरली, की स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षे घरातला रेडिओ आणि टपाल कचेरीतून तिकिटे चिकटवून आणावयाचे परवान्याचे पुस्तक यांची जोडी अतूट राहिली.

जर्मन नाटककार ब्रेख्त याने 1932 मध्येच म्हटले होते, की रेडिओला नुसते ऐकविणारे यंत्र न ठेवता श्रोत्याला बोलते करणारे साधन बनवावे. त्याच्या देशाने पुढल्याच वर्षी नेमके उलट केले. आपल्याकडे मात्र 1942 च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सहकाऱ्यांनी, ब्रेख्तचे नावही मनात न आणता, सत्तेचा तो मक्ता हिसकावून घेतला. 42.34 मीटरवरून काँग्रेस रेडिओ बोलू लागला. पोलिसांचा माग चुकविण्यासाठी प्रक्षेपकयंत्र मुंबईत एका घरातून दुसऱ्या घरात हलविले जाई. आणि 12 नोव्हेंबरला प्रक्षेपण चालू असतानाच धाड पडली. जेमतेम तीन महिने चाललेल्या या केंद्राने बातम्यांची अडवणूक मोडली, हे तर खरेच. पण लहरींवर प्रजेचाही हक्क आहे, हा सिद्धांत त्याने कृतीने मांडला, ही त्याची थोरवी मला अधिक वाटते.

स्वराज्य आले, सिद्धांत मागे पडला. 1952 ते 1962 या काळात बाळकृष्ण केसकर हे मराठी गृहस्थ माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताला त्यांनी जो आश्रय दिला त्याचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण चित्रपटगीतांना त्यांनी दार बंद केले, तेव्हा श्रोत्यांनी सभा भरविली नाही की मोर्चा काढला नाही, त्यांनी खुंटी पिरगाळून रेडिओ सिलोन लावला. मुक्या श्रोत्यापाशी तेवढाच एक हुकूम चालत होता, आणि तो इतका प्रभावी ठरला, की 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला विविध भारती सुरू करावी लागली.

याच दशकात पुणे केंद्रावर एक प्रयोग झाला. ‘गीतरामायणा’मुळे त्या काळचे पुणे केंद्र सर्वांच्या स्मरणात आहे, या प्रयोगाचे नाव मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते, आणि त्याची मला खंत आहे. 1956 मध्ये, युनेस्कोच्या साहाय्याने, पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोत्यांची मंडळे स्थापन करण्यात आली. कल्पना मूळ कॅनडातील शेतकरी मंडळांची. गावातील वीसएक माणसे आठवड्यातून दोनदा एकत्र बसत, अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करीत. चर्चेचा वृत्तांत आणि उरलेले प्रश्न चिटणीस लिहून पुण्याला पाठवी, आणि त्या प्रश्नांची उत्तरे पुढल्या कार्यक्रमांत मिळत. बी-बियाणे, गुरांचे रोग, विहिरी, सहकारी सोसायटी असे विषय असत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी या मंडळांची तपासणी केली, आणि मंडळे नसलेल्या गावांशी ताडून पाहता येथे ज्ञानाची वाढ ठळक दिसलीच. शिवाय ही मंडळे पाहता पाहता गावाच्या निर्णयाची जागा बनली, कित्येक कामांत निवडून आलेल्या पंचायतीहूनही ती तत्पर ठरली, असे त्यांना आढळले. चिटणिसाचे ते पत्र ही मला नभोवाणीच्या इतिहासातील मार्कोनीच्या शोधाइतकीच मोलाची गोष्ट वाटते. पुढे ही योजना देशभर पसरविण्यात आली. पण पत्रांना उत्तर देण्याची काळजी त्या वेगाने पसरली नाही, आणि मंडळे दप्तरात उरली.

दूरदर्शनाचा आरंभही याच विचारातून झाला. 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीत पहिले प्रक्षेपण झाले, ते घरोघरच्या प्रेक्षकांपेक्षा सामुदायिक संचांभोवती जमणाऱ्या मंडळांसाठी होते. 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई केंद्र सुरू झाल्यावर आकाशानंदांच्या ‘ज्ञानदीप’ या कार्यक्रमाने गावोगाव ज्ञानदीप मंडळे उभी केली, हा त्याच परंपरेचा अखेरचा तेजस्वी अंकुर. 1976 मध्ये जाहिरात आली, 1982 मध्ये रंग आला, पुढल्या दहा वर्षांत उपग्रहवाहिन्या आल्या. पडदा घरात शिरला, मंडळ विरले, आणि शिष्य असलेला श्रोता आपल्याकडेही गिऱ्हाईक झाला.

तरीही विचार मरत नाही. 1995 च्या फेब्रुवारीत, क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाच्या पीठाने न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या लेखणीने निर्वाळा दिला, की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा विनियोग जनहितासाठीच झाला पाहिजे. 1942 मध्ये जे गुन्हा ठरले होते त्याचे तत्त्व आता कायद्याने मान्य झाले. त्यातूनच 2002 मध्ये शिक्षणसंस्थांना, आणि 2006 मध्ये नोंदणीकृत सेवाभावी संस्थांना, लहान पल्ल्याचे सामुदायिक रेडिओ केंद्र चालविण्याची मुभा मिळाली. सातारा जिल्ह्यातील म्हसवडची ‘माणदेशी तरंग’ हे त्याचे आपल्या राज्यातील उत्तम उदाहरण. या तरतुदीत उणिवा आहेत. स्वतःच्या बातम्या देण्यास अशा केंद्रांना मनाई आहे, ती मला सर्वस्वी अन्यायाची वाटते. पण निदान निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागाने व्हावेत ही अट मात्र अगदी योग्य आहे.

वागळे इस्टेटीतील अनेक कारखाने गेले, त्यांच्या भूखंडांवर संगणक कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. किसननगरच्या धोकादायक इमारतींसाठी समूह विकास योजना आली आहे. त्या योजनेत आपल्याला घर कोठे, किती आणि केव्हा मिळणार, हे प्रश्न तेथील प्रत्येक बिऱ्हाडात विचारले जातात, पण एकत्र बसून ते विचारण्याची आणि सर्वांदेखत उत्तर मिळविण्याची जागा नाही. शंभर वॅटचे एक केंद्र दहा-बारा किलोमीटरपर्यंत पोहोचते; एवढ्या परिघात ही सारी वस्ती आरामात मावते. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासाठी कार्यक्रम पुन्हा ऐकविता येईल, घरकाम करणाऱ्या बायकांना स्वतःच्या आवाजात कैफियत मांडता येईल, महापालिकेच्या अधिकाऱ्याला पत्रे वाचून दाखवून जाब विचारता येईल. येथे महाविद्यालये आहेत, कामगारांच्या पतपेढ्या आणि वाचनालये चालविलेली माणसे आहेत, परवान्यासाठी आवश्यक अशा, तीन वर्षांहून जुन्या नोंदणीच्या सेवाभावी संस्थाही आहेत. त्यांपैकी एकीने तरी पुढाकार घेऊन, आधी प्रत्येक वस्तीत वीस-वीस श्रोत्यांचे एक मंडळ उभारावे, आणि मग त्या मंडळांच्या सह्यांनिशी परवान्याचा अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे पाठवावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.