थकलेले लेकरू आणि समाजाचे ऋण



आमच्या कोल्हापूरच्या वस्तीतला एक मुलगा डॉक्टरकी शिकतो. सुट्टीत घरी आला तो गप्पच. झोप नाही, अन्नावर वासना नाही. वडील म्हणाले, "बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत. तुलाच काय झाले?" हेच वाक्य मीही वर्गात कितीदा सांगितले आहे. त्या दिवशी ते मला चाबकासारखे वाटले.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाचा अहवाल २०२४ साली निघाला. पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी २७.८ टक्क्यांनी आपल्याला मानसिक विकार असल्याचे सांगितले. म्हणजे हा आपल्याच पोराचा कमकुवतपणा नव्हे. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांहून अधिक काम नको, एक दिवस सुट्टी हवी, असे तो अहवाल सुचवतो.

मग समाजाचे ऋण? ते आहेच. पण ते फेडायला माणूस धडधाकट राहिला पाहिजे. राजर्षी शाहूंनी १९०८ साली इथे अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग काढले. विद्येला निजायची जागा आणि पोटभर अन्न लागते, हे त्यांनी ओळखले होते. तथागतांनीही देहदंड सोडला, तेव्हाच त्यांना मार्ग सापडला. बाबासाहेबांच्या जागरणाचा आदर करा, पण त्याचे ओझे लेकराच्या डोक्यावर ठेवू नका.

मुलगा घरी आला की आधी गुण विचारू नका. जेवतोस का, झोपतोस का, हे विचारा. "थोडे थांबावेसे वाटते" म्हणाला, तर ऐकून घ्या. ताप आला की दवाखान्यात नेता, तसेच मनोविकारतज्ज्ञाकडेही न्या. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर फुकट सल्ला मिळतो. यात लाज कसली?

जयभीम.