शून्याखालचं पाणी

माहीम-केळव्याच्या वाड्यांतली पानवेल विहिरीच्या गोड्या पाण्यावर जगते. समुद्र हाकेच्या अंतरावर, तरी पाणी गोडं. याचं कारण असं की जमिनीत मुरलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्याहून हलकं असतं आणि त्याच्यावर थर धरून राहतं. घायबेन आणि हर्झबर्ग या दोन अभ्यासकांच्या नावाने या थराचं गणित ओळखलं जातं. किनाऱ्यालगत भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या १ मीटर वर असेल, तर समुद्रसपाटीखाली ढोबळमानाने ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकतं. वरचा तो मीटर उपसून टाकला की खालचा साठाही हळूहळू आकसतो. पातळी समुद्रसपाटीखाली गेली तर खारं पाणी आत शिरू लागतं. म्हणजे समुद्रसपाटीचं शून्य ही इथे नुसती कागदावरची सोय नाही. पातळी त्या रेषेच्या वर राहिली तर बागायत, खाली गेली तर मचूळ पाणी.

विहिरीची नोंद मात्र आपण जमिनीपासून ठेवतो. टेप सोडायची आणि पाणी किती खोल लागलं ते लिहायचं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतली पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चारदा घेते, तीही जमिनीपासूनच. मोजायला हे सोपं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आलेखाबद्दल आहे. समजा, विहिरीजवळची जमीन समुद्रसपाटीपासून ३ मीटर उंच आहे. ऑक्टोबरात पाणी १.८ मीटरवर लागलं, मे महिन्यात ३.६ मीटरवर. एक्सेलमध्ये हे आकडे टाकून स्तंभालेख काढा. मे महिन्याचा स्तंभ सगळ्यांत उंच दिसेल. पाणी उतरलंय आणि चित्र चढलंय! आता हेच आकडे जमिनीच्या उंचीतून वजा करा. ऑक्टोबर अधिक १.२, मे उणे ०.६. मे महिन्याचा स्तंभ शून्याच्या रेषेखाली उतरतो आणि विहिरीचं दुखणं डोळ्यांना दिसतं.

इथे एक्सेल आडवं येतं. महिन्यांची नावं ते शून्याच्या रेषेलाच चिकटवतं, त्यामुळे खाली उतरलेला स्तंभ नेमका नावावर येतो आणि ‘मे’ धड वाचता येत नाही. उपाय सोपा आहे. फॉरमॅट अॅक्सिसमध्ये जाऊन लेबल पोझिशन ‘लो’ करायची. नावं तळाशी जातात, शून्याची रेषा जागेवर राहते. पण घाईतला माणूस आख्खा आडवा अक्षच उचलून उणे १ वर नेऊन बसवतो. मग सगळे स्तंभ तिथूनच वर निघतात. आलेख नीटनेटका दिसतो, आणि उणे ०.६ चा मे महिना बाकीच्यांसारखाच वर गेलेला, फक्त जरा बुटका दिसतो. कोणी अक्षाची किमान मर्यादाच शून्य ठेवली, तर तो स्तंभ दिसतच नाही. एकही आकडा खोटा लिहिलेला नसतो, तरी वाचणारा फसतो. मला हा प्रकार चुकीच्या आकड्याहून घातक वाटतो, कारण तपासणारा आकडे तपासतो, अक्ष तपासत नाही.

शून्य कुठे धरायचं हा निर्णय असतो, आणि तो कामाप्रमाणे बदलतो. भरती-ओहोटीच्या तक्त्यातलं शून्य नेहमीच्या ओहोटीच्याही खाली धरतात, म्हणून तिथे उणे आकडा क्वचितच येतो. बोट हाकणाऱ्याला निदान किती पाणी मिळेल एवढं कळायला हवं. त्याच्यासाठी ते योग्यच आहे. नकाशावरची उंची मात्र सरासरी समुद्रसपाटीपासून मोजतात. तेव्हाच्या अखंड भारतातल्या नऊ भरतीमापन केंद्रांच्या नोंदींवरून ठरलेलं हे शून्य १९०९ चं आहे. मुंबईत या दोन शून्यांमध्ये जवळपास अडीच मीटरचं अंतर पडतं. तक्त्यातली १ मीटरची ओहोटी सर्वेक्षकाच्या हिशेबी उणे दीड मीटर होते. विहिरीच्या आलेखाला कोणी तक्त्यातलं शून्य लावलं, तर आपला उणे ०.६ चा मे महिना अधिक १.९ होऊन बिनघोर बसेल. विहीर तीच, पाणी तेच.

उणे आकडे आपल्याला नवे नाहीत. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम बांधून दिले. भास्कराचार्यांच्या बीजगणितात ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब येतं, त्यामुळे वाचणाऱ्याच्या नजरेतून ती सुटत नाही. ती काळजी आपण पडद्यावरच्या आलेखात घेत नाही.

किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी एवढं जरूर करावं. गावातल्या निवडक विहिरींच्या काठाची समुद्रसपाटीपासूनची उंची एकदा नीट मोजून काठावरच रंगवून ठेवावी. दर महिन्याला काठापासून मोजलेली खोली त्यातून वजा करावी. आलेख पंचायतीच्या भिंतीवर लावावा, शून्याची रेषा ठळक काढावी, तिच्या खालचा भाग कापू नये. आणि उन्हाळ्यात पंप किती तास चालवायचा, हे वाडीवाल्यांनी त्या आलेखासमोर उभं राहून ठरवावं.