परक्या बेटावरचे बिऱ्हाड

गेल्या महिन्यातील एका रविवारी, उपासना आटोपल्यावर, एक तरुण दांपत्य आमच्या बंगळूरच्या घरी आले. दोघेही अहिल्यानगर जिल्ह्यातील मंडळीत वाढलेले आणि नोकरीनिमित्त पाचसहा वर्षे या शहरात राहिलेले. आता पतीला मॉरिशस बेटावरील एबेन येथे तीन वर्षांच्या कराराने नोकरी मिळाली आहे. कंपनी रिकामे घर देणार आहे आणि त्यात सामान भरण्यासाठी काही ठरावीक रक्कम. पत्नीने वहीत यादी केली होती. पलंग, जेवणाचे टेबल, सहा खुर्च्या, पडदे, पुस्तकांची मांडणी. त्या बेटावरची हवा दमट आणि वारा खारा, म्हणून लोखंडी कपाट नको, त्याला गंज चढतो. दाबलेल्या भुशाच्या फळ्यांचे नको, त्या फुगतात. वेताचे किंवा चांगल्या लाकडाचेच घ्यावे, येथवर तिचा विचार झाला होता.

पतीला ही यादी मान्य नव्हती. “काका, तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. जमिनीवर दोन गाद्या, दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक शेगडी. उरलेले पैसे गावाकडच्या घराला लावू. आणि आपण ख्रिस्ती माणसे या जगात प्रवासीच ना? अब्राहाम तंबूत राहिला.” त्यावर ती म्हणाली, “आणि यिर्मयाने बंदिवानांना घरे बांधायला सांगितले, ते?” दोघांचीही वचने बरोबर होती. मग दोघांनी माझ्याकडे पाहिले. पवित्र शास्त्राच्या भाषांतराचे काम करणाऱ्याला प्रत्येक वचनाचा निकाल ठाऊक असतो, असा एक समज मंडळीत आहे!

वाचकहो, हा प्रश्न आपल्याला क्षुल्लक वाटेल. परंतु आपल्यापैकी किती जणांची मुले आज आखाती देशांत, सिंगापुरात, ऑस्ट्रेलियात बिऱ्हाड करून आहेत, हे आठवून पाहा. आपल्यापैकी कितीजण स्वतःच मिशनच्या, रेल्वेच्या, शाळेच्या नोकरीत गावोगाव फिरले, आणि ‘खरे घर झाले की काढू’ म्हणून लग्नातली चांगली भांडी ट्रंकेत तशीच राहिली! आता तर या बंगळूर शहरात पलंगापासून धुलाई यंत्रापर्यंत सारे महिन्याच्या भाड्याने मिळते. तो धंदा करणाऱ्या मोठ्या कंपन्या येथेच उभ्या राहिल्या. संसार मांडण्याची गरजच उरली नाही, तो आणवता येतो आणि परत पाठवता येतो. अशा वेळी प्रश्न केवळ सामानाचा राहत नाही. जेथे आपण कायमचे राहणार नाही, त्या जागेचे आणि तेथील माणसांचे आपण किती देणे लागतो, असा तो प्रश्न आहे.

प्रथम यिर्मयाचे पत्र पाहू. इ.स.पू. ५९७ मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमेतील राजा, सरदार, सुतार आणि लोहार बाबेलास नेले. त्यांना संदेष्ट्याने लिहिले की घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले आहे त्याचे हित चिंता. हे वचन आपण पुष्कळदा ऐकतो, पण त्याच्या आधीचा अध्याय सहसा वाचत नाही. त्यात हनन्या नावाचा संदेष्टा उभा राहून सांगतो की दोन वर्षांच्या आत सारे परत येणार. आणि तो सर्वांत आधी परत आणतो ती परमेश्वराच्या मंदिरातील पात्रे. सामानापासूनच तो आरंभ करतो. लोकांना ते गोड वाटले असणार. दोनच वर्षांसाठी भिंत कोण बांधतो, झाड कोण लावतो? पुढे शमाया नावाच्या दुसऱ्या एकाने बाबेलहून यरुशलेमेला तक्रार लिहिली, की हा यिर्मया घरे बांधा म्हणून लिहितो, त्याला कोणी दटावत का नाही? म्हणजे ‘सामान सोडू नका, आपण लवकरच परतणार’ हा उपदेश पवित्र शास्त्रात आहे खरा, पण तो खोट्या संदेष्ट्यांच्या तोंडी आहे. मी हे त्या तरुणाला सांगितले तेव्हा तो थोडा वरमला. पण मी त्याला लगेच सोडणार नव्हतो, आणि तिलाही नाही.

कारण अब्राहामाचा तंबूही खराच आहे. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखक त्याचा गौरव करतो. फक्त तो तंबू कसा होता ते पाहावे. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात भर दुपारी तीन परके येतात, तर अब्राहाम धावत जातो, पाय धुवायला पाणी देतो, त्यांना झाडाखाली टेकायला लावतो, सारेकडून भाकरी करवतो आणि वासरू कापतो. त्या तंबूत पलंग असेल-नसेल, पण येणाऱ्याला बसवण्याची तयारी होती. तंबू हे त्याने पाहुणा टाळण्याचे निमित्त केले नाही. आणि सारा वारल्यावर त्याच माणसाने हेब्रोनातील लोकांकडून चारशे शेकेल रुपे मोजून मकपेलाची गुहा विकत घेतली. परक्या देशात त्याची स्वतःची म्हणावी अशी जमीन ती एवढीच.

त्या सौद्याच्या वेळी तो स्वतःची ओळख दोन इब्री शब्दांनी करून देतो, गेर आणि तोशाव. आपण मराठीत उपरी, परदेशीय, प्रवासी असे शब्द वापरतो. ‘उपरा’ या शब्दाला तर लक्ष्मण माने यांच्या १९८० सालच्या आत्मकथनापासून मराठीत एक निराळेच वजन आले आहे; कैकाडी समाजाची गाढवावर संसार लादून केलेली भटकंती त्यात आहे, आणि ती कोणी हौसेने निवडलेली नव्हती. गेर म्हणजे जो आश्रयाला आला आहे, जेथला नाही. तोशाव हा शब्द मात्र ‘याशव’ या धातूपासून आला आहे, आणि त्या धातूचा अर्थ बसणे असाही होतो आणि राहणे असाही. अब्राहाम म्हणतो, मी येथला नाही, आणि मी येथे बसलो आहे. यिर्मयाच्या पत्रातही तोच धातू आहे. घरे बांधा आणि त्यांत राहा, असे आपण छापतो, आणि तेच बरोबर. ‘बसा’ असे छापले तर वाचकाला हसू येईल. पण मूळ वाचताना माझ्या मनात नेहमी तो बसण्याचा अर्थ घुटमळतो.

आणि येथे मॉरिशसचाच इतिहास मदतीला येतो. १८३४ पासून १९२० पर्यंत जवळजवळ पाच लाख भारतीय मजूर करारावर त्या बेटावर उतरले. पोर्ट लुईच्या बंदरातील ज्या घाटावर ते उतरत, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला. मुंबई बंदरातून गेलेल्यांत कोकणातील आणि देशावरील मराठी माणसेही होती. करार पाच वर्षांचा, मजुरी महिन्याला पाच रुपयांच्या आसपास, राहायला उसाच्या मळ्यावरील गवती छपराच्या झोपड्या. लाकूडसामानाचा प्रश्नच नव्हता. पाच वर्षांनी परतायचे म्हणून गेलेले बहुतेक तेथेच राहिले. त्यांची जाखडी तेथे ‘झाकरी’ झाली आणि मराठी आजही तेथील शाळांत शिकवली जाते.

या मजुरांनी वस्तीवस्तीत एक सामायिक खोली उभी केली. दिवसाचे काम संपल्यावर तेथे जमायचे, मुलांना अक्षरे शिकवायची, भजन करायचे, भांडण मिटवायचे. या खोलीला त्यांनी नाव दिले बैठका. म्हणजे आपलीच बैठक. १९४८ च्या निवडणुकीत ज्यांना एखाद्या भाषेत साधे वाक्य लिहितावाचता येई त्यांना मत मिळणार होते. तेव्हा हजारो मजुरांना अक्षरओळख करून देण्याचे काम या बैठकांनी केले. ज्यांच्या झोपडीत दुसऱ्याला बसवायला जागा नव्हती, त्यांनी बसण्याची जागा सर्वांची मिळून केली. त्यांचा आणि आपला धर्म निराळा, पण यिर्मयाचे पत्र त्यांनी आपल्यापेक्षा चांगले पाळले असे मला वाटते.

त्याच बंदराच्या गावी आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासाचीही एक खूण आहे. १८१२ च्या फेब्रुवारीत सॅम्युएल न्यूएल आणि त्यांची पत्नी हॅरिएट अमेरिकेतून निघाले. कलकत्त्यात ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना राहू दिले नाही, म्हणून ती मॉरिशसकडे निघाली. वाटेत समुद्रावरच त्यांना मुलगी झाली आणि काही दिवसांत वारली. ३० नोव्हेंबर १८१२ रोजी पोर्ट लुई येथे हॅरिएटही क्षयाने वारली. वय एकोणीस. न्यूएल पुढे १८१४ मध्ये मुंबईस आले आणि गॉर्डन हॉल यांच्यासह अमेरिकन मराठी मिशनच्या पहिल्या कामात राबून १८२१ साली तेथेच मरण पावले. त्या दोघांना संसार मांडायला एक वर्षही एकत्र मिळाले नाही. अब्राहामाप्रमाणे न्यूएल यांनाही परक्या भूमीत प्रथम गरज पडली ती कबरीची.

आता मला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती न सांगता त्या दांपत्याला उपदेश करणे अप्रामाणिकपणाचे झाले असते. भाषांतराच्या कामासाठी मी या शहरात आलो तेव्हा ‘हे काम संपले की परत जायचे’ असे ठरवून आलो होतो. म्हणून नऊ वर्षे घरात दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या होत्या. एकीवर मी बसे, दुसरीवर शब्दकोश रचलेले. याला मी साधेपणा म्हणत असे. एका संध्याकाळी समोरच्या घरातील वृद्ध कन्नड बाई दारात आल्या. ‘कूत्कोळ्ळी’, म्हणजे बसा, हा शब्द मी येथे आल्याच्या पहिल्या महिन्यात शिकलो होतो. पण बसायला द्यावे असे काही नव्हते, शब्दकोश उचलायचे मला सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर हातातले वाक्य सोडवत नव्हते. त्या उंबऱ्यावर उभ्या राहून दहा मिनिटे पावसाविषयी, पाण्याविषयी बोलल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी कळले की त्या दुपारी त्यांच्या यजमानांना अतिदक्षता विभागात नेले होते, मुलगा परगावाहून रात्री पोहोचायचा होता, आणि तोवर त्यांना एकटे बसवत नव्हते. मी त्या आठवड्यात कोणते वचन भाषांतरित करत होतो ते मला नीट आठवते, पण ते येथे लिहिणार नाही.

शूनेमच्या बाईची गोष्ट मी तेव्हापासून निराळ्या रीतीने वाचतो. अलीशा हा येताजाता थांबणारा वाटसरू. त्याच्यासाठी ती गच्चीवर लहानशी खोली बांधवते आणि त्यात चार वस्तू ठेवते, खाट, मेज, आसन आणि दीप. आसनासाठी तेथे जो इब्री शब्द आहे, तोच राजाच्या सिंहासनासाठीही वापरला जातो. किती दिवस राहणार, असे तिने त्याला विचारलेले नाही.

पण येथे पत्नीच्या यादीलाही एक प्रश्न विचारावा लागतो. पाहुण्याचे नाव करून आपण स्वतःची हौस भागवतो, हे कोणाला ठाऊक नाही? ज्यावर कोणी चहा घेऊन बसू नये म्हणून पांढरे आवरण घातलेला सोफा आपल्या ख्रिस्ती घरांतही असतोच. परदेशी गेलेला माणूस कधीकधी घर असे सजवतो की आत शिरताच तो पुण्यात किंवा नागपुरात यावा, आणि दाराबाहेरच्या बेटाशी त्याचा संबंध उरू नये. तेही एक न बसणेच आहे. दुसरे असे की आज त्याच मॉरिशसमध्ये कापडाच्या कारखान्यांत बांगलादेशातून करारावर आलेले कामगार एका खोलीत अनेकजण असे वसतिगृहात राहतात. करार त्यांचाही आणि या तरुणाचाही. पण एकाला सजावटीची रक्कम मिळते आणि दुसऱ्याला खाट मोजून मिळते. एकाला आपण परदेशस्थ म्हणतो, दुसऱ्याला मजूर. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात परमेश्वर इस्राएलास सांगतो की भूमी माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ गेर आणि तोशाव आहात. अब्राहामाचेच दोन शब्द, पण आता ते जमिनीच्या मालकांना उद्देशून. आणि ज्या अध्यायात ते येतात, तो विकल्या गेलेल्यांना सोडवण्याचा आणि दरिद्री झालेल्या भावाला जवळ वसू देण्याचा अध्याय आहे.

हे सगळे मी त्या दोघांना एका दमात सांगितले नाही. दोन संध्याकाळी गेल्या. कपाट घ्यावे की नाही, पडदे कोणते, हे मी सांगू शकत नाही आणि सांगितलेही नाही. इतकेच म्हटले की टेबल आधी घ्या, तेही तेथील सुताराकडून, म्हणजे निदान एका घरची ओळख होईल. आणि वर्षाखेरीस वादळाच्या दिवसांत शेजाऱ्यांची गरज लागते, ती ओळख तोवर झालेली असावी. १९६० सालच्या कॅरोल वादळाने त्या बेटावरची किती घरे उडवली आणि मग लोक काँक्रीटची घरे कसे बांधू लागले, हे तेथील म्हातारी माणसे सांगतील, पण ते ऐकायचे तर त्यांना घरात बसवावे लागेल.

निघताना तिने वही पुन्हा उघडली आणि पुस्तकांची मांडणी खोडली. त्याने दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्यांच्या जागी चार लाकडी लिहिल्या. ती सहावर ठाम आहे. जहाजाने सामान पाठवायचे नाही, यावर मात्र दोघांचे एकमत झाले आहे.