गाठोड्यातली पोथी

सन १८३४ पासून सुमारे ४,५०,००० हिंदी मजूर करार करून मॉरिशस बेटात उसाच्या मळ्यांवर गेले. आमच्या मुंबई बंदरातूनही मराठी माणसे जहाजात चढली. गाठोडे ते केवढे! कोणाचा पितळी लोटा, भोजपुरी मंडळींत कोणापाशी तुलसीदासांचे रामचरितमानस. आता एखादा वेदान्ती विचारील, 'घरदार सुटले, मग पोथीचा मोह का सुटेना?' बाबा रे, मोह कशाला म्हणावे हे आधी पाहा. त्या बेटावर रात्री बैठका भरत. दिवसभर ऊस तोडून आलेली माणसे पोथीभोवती बसत, अक्षरशत्रूही ऐकून पाठ करी. अशी पोथी आणणाऱ्या एकट्याची उरते कुठे? तिला आम्ही परिग्रह म्हणणार नाही. कुलुपात ठेवलेल्या डागिन्याची गोष्ट मात्र निराळी; त्याची वकिली आमच्याने व्हायची नाही.