ते तीन फाउल

नागपूर

प्रिय ईशान,


परवा फोनवर तू पंच असलेल्या सामन्याबद्दल सहज जे बोलून गेलास ते मनातून जाईना, म्हणून लिहायला बसले. पहिल्या हाफमध्ये यजमानांवर सात फाउल, पाहुण्यांवर दोन. यजमानांचा कोच तुझ्या कानाशी ओरडत होता. मग पुढचे तिन्ही फाउल तू पाहुण्यांवर दिलेस, ‘आणि सगळं शांत झालं.’ त्या तिनांतले खरे फाउल किती, हे तू सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही.

ही खोड तुझ्या एकट्याची नाही. तिकडच्या, अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमधले 2004-05 च्या हंगामातले 365 सामने दोन अभ्यासकांनी तपासले होते. ज्या संघावर फाउल कमी, त्याच्यावर पुढची शिट्टी वाजण्याची शक्यता जास्त, आणि अंतर वाढेल तशी ती आणखी वाढते, असं त्यांना आढळलं. याचा फायदा कोणाला होतो, बघ. जो संघ चाळीस मिनिटं हात लावून, ढकलून खेळतो त्याला. पंच आकडे जुळवणारच, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. नियमाने खेळणाऱ्या पोरांना मात्र न केलेल्या फाउलची भरपाई करावी लागते.

मीही हे केलंय. एका आंतरमहाविद्यालयीन सामन्यात गॅलरी खवळली, तेव्हा तोल साधायला मी एक फाउल दिला. तो त्या मुलीचा पाचवा होता. ती काही बोलली नाही, टॉवेल डोक्यावर घेऊन बाकावर जाऊन बसली. तिचा हात लागलाच नव्हता, हे मला शिट्टी तोंडात असतानाच कळलं होतं. इतकी वर्षं झाली, तो टॉवेल अजून डोळ्यांपुढे येतो.

सातत्य म्हणजे पहिल्या मिनिटाला ज्या धक्क्याला शिट्टी, त्याच धक्क्याला शेवटच्या मिनिटालाही शिट्टी. 2024 मध्ये पाडव्याच्या तीन दिवस आधी सकाळी मी तिकडच्या कॉलेज स्पर्धेतला क्लीव्हलँडचा महिलांचा उपांत्य सामना बघत होते. आयोवा एका गुणाने पुढे, 3.9 सेकंद उरलेले, चेंडू कनेटिकटकडे, आणि आलिया एडवर्ड्सवर हलत्या स्क्रीनचा फाउल. आयोवा 71-69 ने जिंकली. अशा क्षणी पंचांनी खेळू द्यायला हवं होतं, अशी ओरड झाली. मला ते पटत नाही. स्क्रीन हलली होती. विचारायचंच असेल तर एवढं विचारावं, की तशीच स्क्रीन पहिल्या क्वार्टरमध्ये पकडली असती का? घड्याळात किती उरलंय, याचा फाउलशी काय संबंध?

2019 ची मिनियापोलिसची गोष्ट तुला माहीतच आहे. ऑबर्नविरुद्ध 0.6 सेकंद उरले असताना काइल गायला तीन फ्री थ्रो मिळाले आणि व्हर्जिनिया 63-62 ने जिंकली. तो फाउल बरोबरच होता. पण त्याच्या काही क्षण आधी टाय जेरोमची डबल ड्रिबल तिन्ही पंचांच्या नजरेतून निसटली होती. एक चूक सुटली की पुढचा बरोबर निर्णयसुद्धा लोकांना अन्याय वाटतो.

तिकडे कॉन्फरन्स पंचांना सामन्यागणिक बोलावतात. दिवसा नोकरी, रात्री शिट्टी, आज एक जोडीदार तर उद्या दुसराच. मग तिघांची मोजपट्टी एक कशी होणार? म्हणून सामन्याआधी खोलीत बसून बोला. हात लावून अडवणं कुठवर चालवायचं, रिंगखालची ढकलाढकल कुठे थांबवायची, हे आधीच ठरवा. आणि चार्ज की ब्लॉक हे ठरवताना चेंडूकडे बघू नकोस. पुरुषांच्या नियमात 2023-24 पासून बदल झालाय: उडी घेण्यासाठी शूटरने पाय रोवला, त्या क्षणी डिफेंडर जागेवर उभा हवा. तू डिफेंडरच्या पायांकडे आधीपासून बघत नसशील, तर तो क्षण तुला दिसणारच नाही. मग तू अंदाज करशील, आणि अंदाज नेहमी ओरडणाऱ्याच्या बाजूने झुकतो.

कोच ओरडणारच, त्याची नोकरी पणाला लागलेली असते. त्याने नीट विचारलं तर एका वाक्यात उत्तर दे आणि पुढे धाव.

त्या सामन्याचं चित्रीकरण मिळालं तर मागवून घे. आधी एकटा बसून ते तीन फाउल बघ. मग मला पाठव, रविवारी फोनवर आपण दोघं पुन्हा बघू.

तुझी,
आत्या