सनद आणि सान्निध्य

जत संस्थानाचा इतिहास हा बराचसा कागदांचा इतिहास आहे. विजापूरच्या आदिलशाहीकडून डफळे घराण्यास मिळालेली देशमुखी, १८२० साली कंपनी सरकाराशी झालेला करारनामा आणि १९४८ साली मुंबई प्रांतात झालेले विलीनीकरण, या साऱ्या स्थित्यंतरांत दप्तरी नोंद असेल त्याचाच हक्क शाबीत, हा न्याय मात्र अबाधित राहिला. आणि अशा मुलखात वाढलेल्या ख्रिस्ती माणसाला श्रद्धा हीदेखील वतनासारखी वडिलोपार्जित चीज वाटावी, आजोबांचा बाप्तिस्मा चर्चच्या वहीत नमूद असला की आपला हिस्सा आपोआप रुजू झाला असे त्याने समजावे, यात नवल नाही. याच परिसरात, मिरजेस, १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी मिशनचे इस्पितळ उभारले, त्यासही शतकावर काळ लोटला. जी श्रद्धा पहिल्या पिढीने भारी किंमत देऊन मिळवली, ती पुढच्यांना जन्मतः मिळाली, आणि जन्मतः मिळालेल्या वस्तूची पारख करण्याची गरज सहसा कोणास भासत नाही.

परंतु ख्रिस्ताशी असलेला खरा संबंध सनदेने सिद्ध होतो काय? या प्रश्नाचे उत्तर शोधावयास धर्मशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांकडे धाव घेण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातच तीन व्यक्तींची चरित्रे त्यासाठी पुरेशी आहेत.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे झाला. त्यानंतर १८८९ साली त्यांनी शारदा सदन स्थापन केले, विधवांच्या शिक्षणासाठी अपार कष्ट उपसले, आणि तरीही पुढे आपल्या आत्मनिवेदनात त्यांनी निःसंकोच लिहिले की, ख्रिस्ताचा धर्म आपल्याला गवसला होता, पण प्रत्यक्ष ख्रिस्त गवसण्यास बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे जावी लागली. दीक्षा होती, सेवा होती, शास्त्राभ्यास तर त्यांच्या रक्तातच होता. उणीव होती ती सान्निध्याची. कलकत्त्याच्या विद्वत्सभेने जिला ‘सरस्वती’ ही पदवी दिली, त्या बुद्धिमतीला आपल्या विद्वत्तेवरचा भरवसा सोडून रिक्तहस्ते उभे राहणे किती अवघड गेले असेल, याची कल्पनाच करावी.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा मार्ग निराळा. १८९५ साली दीक्षा घेतलेल्या या कवीने अहमदनगरास मिशनच्या आश्रयाने दीर्घकाळ काम केले. पण १९१७ साली तो आश्रय सोडून ते साताऱ्यास आले, आणि तेथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ आरंभिला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना प्रवेशाची मुभा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो, असे मानणाऱ्या टिळकांना भक्ताच्या आणि भगवंताच्या मध्ये संस्थेची चौकी नको होती. १९१९ च्या मे महिन्यात त्यांचे देहावसान झाल्याने तो प्रयोग अल्पायुषी ठरला. तथापि उतारवयात स्थैर्याचा त्याग करण्यातच त्याचा सारा अर्थ सामावला आहे.

आणि टिळकांची पत्नी लक्ष्मीबाई! पतीच्या धर्मांतराने उद्ध्वस्त झालेली, सोवळ्याओवळ्यास जीवापाड जपणारी ही बाई १९०० साली ख्रिस्ती झाली. पण जातिभेद हा मनुष्यनिर्मित आहे, हा निर्णय तिच्या अंतःकरणात आधीच लागला होता, हे तिचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणारास ठाऊक आहे. रमाबाईंच्या बाबतीत विधी आधी आणि उजेड मागाहून. येथे उजेड आधी आणि विधी मागाहून.

क्रम भिन्न असला तरी या तिघांत एक सूत्र समान आहे. प्रत्येकाकडून नेमके तेच मागितले गेले, जे त्याला सर्वांहून अधिक आपले वाटत होते: एकीकडून पांडित्याचा आधार, दुसऱ्याकडून मिशनमधील जागा, तिसरीकडून सोवळे. केवळ भावना उचंबळून येणे हे सान्निध्याचे गमक नव्हे, कारण भावना उत्सवातही उचंबळते आणि उत्सव संपताच ओसरते. हातून काय सुटले, यावरून तो संबंध ओळखावा.

यावर आक्षेप असा घेता येईल की, दप्तर, उपासनाविधी आणि मंडळी यांच्यावाचून श्रद्धेचा वारसा पुढे चालणार कसा? आक्षेप रास्त आहे. टिळकांचा दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही, मिरजेचे इस्पितळ मात्र चालत राहिले. परंतु संस्था वारसांच्या हाती देते ती कथा, उपासना आणि शेजार. त्याग मात्र तिला कोणाच्या नावे करून देता येत नाही. आजोबांनी जे सोडले ते त्यांचे होते, आणि ते एकदा सुटल्यावर नातवास पुन्हा सोडता येत नाही. त्याला आपले असे काहीतरी सोडावे लागते, आणि जन्मजात ख्रिस्ती माणसाच्या बाबतीत ते बहुधा त्या जुन्या सनदेचा अभिमानच असते.