ताईच्या जखमेबद्दल

चि. भाच्यास,

ताईच्या पायाची जखम चिघळतेच आहे, गोळ्या-इंजेक्शनांना दाद देत नाही, हे वाचून जीव कासावीस झाला. कोणीतरी फोनवरून विकत असलेली फेजची बाटली हातोदला मागवू का, असे विचारतोस. नको मागवूस.

फेज थोतांड नाहीत. जिवाणूंना मारणारे हे विषाणू. 1896 मध्ये अर्नेस्ट हॅन्किनने आग्र्यात पाहिले, की गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू झपाट्याने मरतात आणि पाणी उकळले की तो गुण जातो. पुढे 1917 मध्ये फेलिक्स देरेलने फेज ओळखले. जॉर्जियात तिबिलिसीला आजही त्यांनी उपचार होतात. मात्र हॅन्किनचा दाखला देऊन कोणी जखमेवर गंगाजल किंवा नर्मदेचे पाणी घालायला सांगितले, तर साफ नाही म्हण. त्यात इतर जंतूही असतात.

मुख्य अडचण ही, की फेज आपल्या ठरावीक जिवाणूलाच मारतो, त्यातही काही वाणांनाच. ताईच्या जखमेतला जंतू वाढवून त्याच्यावर फेज तपासल्याशिवाय बाटलीचा काय उपयोग? 2016 मध्ये सॅन डिएगोच्या टॉम पॅटरसन यांना फेजनी वाचवले, पण जंतू काही दिवसांतच पहिल्या फेजना जुमानेनात. नवे शोधावे लागले. प्रतिजैविकेही चालूच होती. शिवाय मात्रा टिकावी लागते. युरोपातल्या ‘फॅगोबर्न’ चाचणीत भाजलेल्या रुग्णांना मिलिलिटरमागे दहा लाख फेज द्यायचे होते, पोचले शंभराच्या आसपास. साध्या मलमानेच जंतू लवकर कमी झाले. तज्ज्ञांच्या हातून हे घडले, तर त्या अनोळखी बाटलीत काय उरले असेल?

भारतात फेजचे मान्यताप्राप्त औषध बाजारात नाही. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. गोपाल नाथ यांच्या गटाने जुनाट जखमांवर ते वापरून पाहिले आहेत. तिथे विचारायचे तर ताईच्या डॉक्टरांमार्फतच.

आधी ताईला इंदूरला ने. जखम साफ करून तळातला नमुना कल्चर-सेन्सिटिव्हिटीला द्यायला सांग. वरवरच्या पुवावरून खरा जंतू कळत नाही. पायाचा रक्तपुरवठा आणि हाडाचा एक्स-रे पाहून घ्या. ताईला मधुमेह आहे, आणि मधुमेह्याच्या जखमा पुष्कळदा इथेच अडतात. रक्तच पोचत नसेल तर प्रतिजैविकही पोचत नाही. साखर रोज लिहून ठेव. चालू औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका.

ताप आला, पाय काळा पडू लागला किंवा लाली वर सरकली, तर त्याच रात्री निघ, सकाळची वाट पाहू नकोस. कल्चरचा अहवाल आला की त्याचा फोटो मला पाठव, मग फेजचे बोलू.

तुझा मामा